केळ्यात खोचलेली उदबत्ती

माझ्या डाव्या हातावर एक फिकट डाग उठला होता, आणि तो लपवायला मी त्याला कापडाचा रंग दिला. तोही ट्यूबलाइटखाली जुळवून. उन्हात धरून बघितला नाही.

शेड जुळवणं हाच माझा धंदा. सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये मी बसायचो. व्यापारी साडीची चिंधी टेबलावर टाकून ‘बस, ऐसाच मंगता है’ म्हणायचा आणि मी तीन-चार बाटल्यांतून थेंब थेंब काढून तो रंग उभा करायचो. ट्यूबलाइटखाली जुळलेला शेड उन्हात फुटतो, वेगळाच दिसतो, हे आमच्यातलं अगदी ग म भ न. मी ते चारचौघांना रुबाबात ऐकवायचोसुद्धा. स्वतःच्या हाताची वेळ आली तेव्हा मात्र लॅबचं दार लावून घेतलं, पिवळा, लाल आणि नखभर काळा मिसळला, वर ॲसिडचा थेंब टाकला आणि कापसाच्या बोळ्यानं लावून मोकळा झालो. दिवसभर हात न्याहाळत होतो. डाग गायब! संध्याकाळी गेटबाहेर पडलो, तर उतरत्या उन्हात कोपराखाली रुपयाच्या नाण्याएवढा हिरवा ठिपका. वाटाण्याच्या उसळीचा रंग. आणि रंग नायलॉनचा. कातडीला आणि नायलॉनला तो सारखाच घट्ट बसतो. साबणानं निघेना, रॉकेलनं निघेना. रोज थोडा पुसट व्हायचा, की खालचा डाग दिसेल म्हणून मी घाबरून पुन्हा लावायचो.

त्यानंतर सुरतच्या मे महिन्यात मी फुल बाह्यांचे शर्ट घालू लागलो. कोणी विचारलं तर म्हणायचो, फॅशन.

आता हसू येतं. तेव्हा झोप लागत नव्हती. खान्देशात आमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या पलीकडे, एक सुतार राहायचा. त्याची ताटली त्याची, त्याचा लोटा त्याचा. आई त्याला भाकरी द्यायची ती वरून, हात न लागेल अशी सोडायची. त्याच्या हाताला बोटं कमी होती. मी लहानपणी त्याच्याकडे बघून पळायचो. रात्री पत्र्याच्या खोलीत पडलो की तो ओढा, ती ताटली डोळ्यांपुढे यायची. फक्त ताटलीसमोर बसलेला माणूस मी असायचो.

पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही, आमच्या सरांबद्दल. त्या पत्र्याच्या खोलीच्या मालकांबद्दल.

बमरोली रोडला त्यांचं बैठं घर होतं. वर गच्ची, गच्चीवर एक खोली, त्या खोलीत मी भाड्यानं. सर अकोल्याकडचे, एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे. जन्मभर जंतू शिकवणारा हा माणूस जंतूंना जितका घाबरायचा, तितका मी वाघाला घाबरलो नसतो. फाटकाची कडी ते चपलेच्या टोकानं उघडायचे. दार कोपरानं ढकलायचे. नमस्कार करायचे तो इतक्या लांबून, की समोरच्याला वाटावं मागे कोणी मंत्री उभा आहे. चहाच्या टपरीवर स्वतःचा पेला घेऊन जायचे आणि चहा उकळताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओतू द्यायचे नाहीत. टपरीवाला वैतागून म्हणायचा, “साहेब, चा पिवा आवो छो के तपासवा?” सकाळचा पेपर गच्चीवर उन्हात वाळत घालायचे. पापडासारखा. दोन्ही बाजूंनी. तो वाळून हातात येईपर्यंत बातम्या कोमेजलेल्या असायच्या. पोरं त्यांना मागून ‘बीकण सर’, म्हणजे भित्रे सर, म्हणायची, आणि सरांना ते माहीत होतं.

“बीकण तर बीकण,” सर म्हणायचे. “जंतू दिसत नाहीत म्हणून लोक सुखानं झोपतात. मला दिसलेत. मी कसा झोपू?”

तरुणपणी त्यांनी कधीतरी स्वतःची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. त्या दिवसापासून, काकूंच्या शब्दांत, “हा माणूस कामातून गेला.”

काकू म्हणजे सरांची बायको. सर जितके घाबरट, तितक्याच त्या बेडर. प्लेगच्या वेळी अर्धं सुरत स्टेशनकडे पळालं, त्यात सर बरेच पुढे होते. आदल्याच दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं होतं की याला औषध आहे, गोळ्या आहेत, घाबरण्याचं काही कारण नाही. मग त्याच गोळ्या घेतल्या, तोंडाला पंचा गुंडाळला आणि अकोल्याची गाडी धरली. काकू हलल्या नाहीत. “मी म्हटलं, जा बाप्पा तुम्ही,” त्या सांगायच्या, “माह्या लोणच्याच्या बरण्या उन्हात हायेत.” लग्नात सरांनी त्यांच्या गळ्यात हार कसा टाकला, तेही त्या हात लांब करून दाखवायच्या. “जत्रेत रिंग फेकते नं, तसा!”

तर असा हा माणूस. रोज सकाळी व्हरांड्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचा आणि कापसाची एक बारीक वात घेऊन स्वतःच्या तळपायांवरून, बोटांवरून, कानाच्या पाळीवरून फिरवायचा. शेजाऱ्यांना वाटायचं काहीतरी अनुष्ठान आहे. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटत होतं. मग एकदा न राहवून विचारलं.

इथे माझा आणखी एक पराक्रम सांगायला हवा. डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा मी त्याला सेफ्टी पिन टोचून पाहिली होती. अजिबात दुखलं नाही. मला इतका आनंद झाला! दुखत नाही, खाजत नाही, म्हणजे काहीच नाही. त्या आनंदात मी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर दोन प्लेट वाफवलेला डाळीचा लोचो खाल्ला.

आणि आता सर डोळे न उघडता मला सांगत होते, “कुष्ठरोगाची तपासणी आहे ही. कापूस लागलेला कळला पाहिजे. जिथे कळणार नाही, तिथे गडबड.”

“पण सर,” मी म्हटलं, “दुखत नसेल तर...”

“तेच तर भयंकर आहे. दुखणाऱ्या रोगाला माणूस डॉक्टरकडे नेतो. न दुखणाऱ्याला कोण नेतो?” त्यांनी वात दुसऱ्या पायाकडे नेली. “तुला का रे चौकशी?”

“सहज,” मी म्हणालो. त्याच दिवशी मी लॅबचं दार लावून रंग कालवला.

लोक म्हणतील, घरात एवढा जाणकार माणूस, त्यालाच दाखवायचं की. पण मला जगात सगळ्यांत जास्त भीती त्यांचीच होती. कडीला हात न लावणारा माणूस हे ऐकल्यावर काय करील? मला बाहेर काढील, खोली धुऊन घेईल, आणि मग पत्र्यापासून जिन्यापर्यंत सगळं उन्हात वाळत घालील. सुरतेत दुसरी खोली मिळाली असती. पण बाहेर का काढलं, हे विचारणारे मिळाल्याशिवाय राहिले नसते. बमरोलीपासून लिंबायतपर्यंत आमच्याकडची माणसं. एकानं विचारलं की संध्याकाळपर्यंत ते गावी पोचतं.

म्हणून मी गप्प राहिलो आणि सरांच्या आसपास कान देऊन वावरू लागलो. चोर जसा पोलीस चौकीसमोरच्या टपरीवर चहा प्यायला जातो, तसा.

सरांना त्या काळात एकच वेड लागलं होतं: चरबी. खाण्याची नव्हे. कॉलेजात परदेशी मासिकं उशिरा यायची, ती ते मिळवून वाचायचे, आणि त्यात आलेल्या एका शोधानं त्यांची झोप उडाली होती. ऐकायला घरात दोनच माणसं. काकू ऐकायच्या नाहीत. राहिलो मी.

एका गुरुवारी काकूंची पूजा चालली होती. देवापुढे केळं, केळ्यात खोचलेल्या दोन उदबत्त्या. सर सोवळंओवळं विसरून आत शिरले, केळं उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

“हे बघ! अगदी हेच आहे!”

“अहो, देवाचं हाय ते!” काकू ओरडल्या.

“देवाला समजलेलंच आहे, याला समजवतोय,” सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. “आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. प्रत्येकाच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. म्हणजे समज, ओळखणारी बोटं. शत्रू कोण, हे त्या बोटांनी चाचपून ठरतं. आजवर आम्ही काय शिकवत आलो? हे पहारेकरी फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखतात. चरबीला ते आंधळे. आणि क्षयाचा, कुष्ठरोगाचा जंतू कसा असतो? अंगभर मेण आणि चरबी. तुमच्या भाषेत सांगू? त्याला साधा रंग चढत नाही. तापवून चढवावा लागतो, आणि एकदा चढला की आम्लानं धुतला तरी उतरत नाही.”

“पक्का रंग,” मी म्हणालो. माझा उजवा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला.

“शाबास. आता या चरबीला पकडायचं कसं? ती पाण्यात विरघळत नाही, हाताला लागत नाही. तर निघालंय असं, की आपल्याच पेशींवर एक रेणू असतो, सीडी-वन त्याचं नाव. हे केळं. त्याच्या पोटात एक खोल खाच, आतून तेलकट. चरबीला असतात लांब शेपट्या, या उदबत्तीच्या काड्यांसारख्या. तेलाला तेल भेटतं. काड्या आत शिरतात, लपतात. बाहेर काय राहतं? डोकं! बहुतेकदा साखरेचं. ही जळती टोकं. मग पहारेकरी येतो आणि...” सरांनी केळ्यावरून हळूच बोट फिरवलं, “टोकही चाचपतो आणि टोकाभोवतीची सालही. नुसती उदबत्ती दाखवलीस तर ओळखणार नाही. नुसतं केळं दाखवलंस तरी नाही. दोन्ही मिळून.”

“कुणी बघितलं हे?” मी विचारलं. प्रश्न शास्त्रीय नव्हता, नुसतं काहीतरी बोलायचं होतं.

“उंदराच्या पेशीवरचं केळं बघितलंय, खाच खरंच आहे. तिघं एकत्र अजून कोणी पाहिले नाहीत. पण डोकं जरा बदललं की पहारेकरी ओळख देत नाही, शेपटी थोडी लांब-आखूड केली तर त्याला चालतं. यावरून काय ते समजायचं.” मग त्यांचा आवाज खाली आला. “आणि ऐक. प्रथिनं धरून दाखवणारे रेणू माणसामाणसात वेगळे असतात. तुझे वेगळे, माझे वेगळे. हे केळं मात्र सगळ्यांचं जवळजवळ सारखंच! तुझं, माझं, त्या बोईंगच्या मालकाचं.” (आमच्या गल्लीत साड्यांना बोईंग नावाचा ब्रँड लावणारा एक शेठ होता.) “म्हणजे उद्या यावर लस निघाली तर ती सगळ्यांना लागू. विचार कर!”

मी विचार वेगळाच करत होतो. शेवटी धीर करून विचारलं, “सर, पहारेकरी एवढे हुशार आहेत, तर मग लोकांना होतो कसा हा रोग?”

सर केळं हातात घेऊन थांबले. “त्याचीच तर भीती वाटते मला,” ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्या हातातून केळं काढून घेतलं. “आता हे खा प्रसाद म्हणून.” सरांनी दोन्ही हात मागे नेले. उघड्यावरचं केळं ते खात नसत. मग मला खावं लागलं, राखेसकट.

पुढे बऱ्याच वर्षांनी म्हणे तिघं एकत्र दिसले. केळं, उदबत्ती आणि पहारेकऱ्याची बोटं. सर तेव्हा नव्हते. मला मात्र ती बातमी वाचून आधी राखेची चव आठवली.

तर आता त्या दिवसाबद्दल. काकूंच्या कुरडया होत्या. गच्चीवर, माझ्या खोलीच्या दारातच, साड्या अंथरलेल्या, गव्हाचा चीक शिजवलेला, आणि सोऱ्या दाबायला मी. ऊन असं की पत्रा वाजत होता.

“दाब नं जोरानं!” काकू म्हणत होत्या. “जेवताना तं दोन माणसाचं जेवतं, अन् सोऱ्या दाबाले काहून हात गळते तुहे? अन् त्या बाह्या वर कर, चिकात बुडून राहिल्या.”

“राहू द्या काकू.”

“काय राहू द्या!” आणि माझे दोन्ही हात सोऱ्यावर असताना त्यांनी मनगटानं माझी डावी बाही कोपरावर सारली. “हे काय बाप्पा हिरवं?”

“रंग. कारखान्यातला.”

“आंघोळ करत जाय जरा,” एवढंच म्हणून त्या पुढच्या कुरडईकडे वळल्या. मी श्वास सोडला. आणि बघतो तर जिन्याच्या तोंडाशी छत्री धरून सर उभे. पेपर उलटायला आले होते. ते माझ्या हाताकडे बघत होते.

मला वाटलं, रंग बघतायत. रंगाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण सरांनी रंगाबद्दल विचारलंच नाही.

“तुला तिथे घाम का नाही?”

मी खाली पाहिलं. माझा सगळा हात घामानं चकाकत होता, थेंब ओघळत होते. फक्त तो हिरवा गोल कोरडा. वाळवंटासारखा. शेड, ऊन, ट्यूबलाइट, सगळ्याचा मी विचार केला होता. घामाचा केला नव्हता. त्या नसांना घाम आणायचंही भान उरलेलं नव्हतं, हे मला तरी कुठे माहीत होतं?

सरांचा चेहरा पांढरा पडला. ते एक पायरी मागे सरकले. मग दुसरी. “खाली ये,” म्हणाले आणि भराभर उतरून गेले.

मी काकूंना काहीतरी सांगून खाली आलो. व्हरांड्यात कोणी नव्हतं. आतून नळाचा आवाज येत होता. सर हात धूत होते. त्यांनी मला बोटही लावलं नव्हतं, तरी धूत होते. नळ थांबेना. मी उभ्या उभ्या मनात पेटी भरायला घेतली: दोन शर्ट, स्टोव्ह, चादर. गावी जायचं नाही एवढं ठरलं. गावी तो ओढा होता.

नळ थांबला. सर बाहेर आले. हातात कापसाची वात होती.

“बस. डोळे मीट. लागलं की ‘हो’ म्हण आणि जागा दाखव.”

मी डोळे मिटले. म्हणजे मिटल्यासारखे केले. शाळेपासूनची सवय. पापण्यांच्या फटीतून वात कुठे चाललीय ते दिसत होतं. “हो,” मनगट. “हो,” कोपर. वात हिरव्या गोलावर आली. काही कळलं नाही. काहीच नाही. “हो,” मी म्हणालो आणि बोट बरोबर गोलावर ठेवलं.

वात पुन्हा तिथेच आली. “हो!” पुन्हा आली. “हो!” मला वाटलं, पास झालो.

“या वेळी मी टेकवली नव्हती,” सर म्हणाले.

मी डोळे उघडले. माय वं! वात हातापासून वीतभर वर होती. फटीतून बघणाऱ्याला अंतर कळत नाही.

“मूर्खा,” सर हळूच म्हणाले, “कोणाला फसवतोयस? मला? की त्या जंतूला?” आणि मग जे झालं ते मी अजून विसरलेलो नाही. जन्मात कोणाशी हात न मिळवलेल्या त्या माणसानं माझा हात धरला. उघड्या हातानं. कोपराच्या मागे, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात, तिथली शीर त्यांनी बोटाखाली घोळवून पाहिली, मग उजव्या कोपराची पाहिली, मग पुन्हा डावी. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. त्यांच्या कपाळावरून घाम माझ्या हातावर पडला.

“जाड नाहीये फारशी,” ते म्हणाले. “करंगळी हलव. उघड. मीट. ठीक.”

“सर, मी खोली कधी सोडू?”

त्यांनी ऐकलंच नाही. ते डागाकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची भीती सरून तिथे केळ्याच्या दिवशीचं ते वेड येत होतं. “एकच डाग. कडा स्पष्ट. म्हणजे तुझ्या पहारेकऱ्यांनी ओळखलंय! लक्षात येतंय का तुला? ज्यांचे पहारेकरी झोपलेले असतात, त्यांच्या अंगात जंतू बेसुमार पसरतात, आणि सुरुवातीला दिसत काहीच नाही. तुझ्या हातावर लढाई झालीय. नस सापडलीय ती त्या धुमश्चक्रीत. हा डाग म्हणजे ओळख पटल्याची खूण आहे, आणि तू तोच रंगवून टाकलास!” ते खुर्ची पुढे ओढून आणखी जवळ आले. “परदेशात अशाच एका रोग्याच्या कातडीतून पहारेकरी काढले, तर ते कुष्ठरोगाच्या जंतूची चरबी ओळखत होते. प्रथिन नव्हे, चरबी! इथे कोण आले असतील रे? कोणते असतील? एवढासा तुकडा मिळाला असता तर...”

“सर,” मी रडकुंडीला येऊन म्हणालो, “हात आहे माझा तो.”

ते भानावर आले. हात सोडला. “हो,” म्हणाले. “उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जायचं. मी येतो.”

सर कधी दवाखान्यात गेले नव्हते. काकूंना टायफॉइड झाला तेव्हासुद्धा खिडकीबाहेर उभे राहून हातवारे करत होते. पण दुसऱ्या दिवशी ते आले. रिक्षात एका टोकाला बसले, तोंडाला पंचा, खिशात साबणाची वडी. त्वचेच्या ओपीडीत बाकावर जागा नव्हती. फक्त एका म्हाताऱ्याशेजारी होती, कारण तिथे कोणी बसत नव्हतं. त्याची बोटं आत वळलेली होती. मी उभाच राहिलो. मला त्या हातांकडे बघवत नव्हतं आणि नजर दुसरीकडे जातही नव्हती. सरांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोळे मिटले आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. पाण्यात उडी मारावी तसे.

म्हातारा तपासून बाहेर आला होता, सदरा उघडाच होता. थोड्या वेळानं तो सरांना म्हणाला, “भाई, जरा बटन लगा दो ना. मेरे से नहीं होता.”

सर हलले नाहीत. मला वाटलं, आता हे उठून पळतील, आणि मीही त्यांच्या मागे पळेन, आणि दोघंही अकोल्याची गाडी धरू. मग सर वळले. एक एक करत सगळी बटणं लावली. हात म्हाताऱ्याचे कापत नव्हते, सरांचे कापत होते. शेवटचं बटण चुकीच्या काजात गेलं, तेही त्यांनी काढून पुन्हा लावलं.

त्यानंतर सरांनी हात धुतले नाहीत, असं लिहिलं असतं तर छान दिसलं असतं. पण धुतले. बाहेरच्या नळावर, कोपरापर्यंत, साबण लावून. मग परत येऊन त्याच जागी बसले.

आत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी माझा हात उजेडात धरला. “आ शुं छे?”

“रंग छे.”

“शेनो?”

“नायलॉननो.”

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि इतक्या हसल्या, की बाहेरची नर्स डोकावली. मग कापूस, पिन, कानाच्या पाळीला बारीकशी चीर, काच. सगळं झाल्यावर हिंदीत म्हणाल्या की सहा महिने गोळ्या, महिन्याची एक मात्रा इथे येऊन समोर घ्यायची, बाकी घरी. बोटं कुठेही जात नाहीत. “टाइम पे आ गए.”

“आला नाही,” सर म्हणाले, “आणला.” आणि मग खालच्या आवाजात, आशेनं, त्यांना सीडी-वनबद्दल विचारलं. इथे कातडीतल्या टी-पेशींचं कोणी काही करतं का?

“सर,” बाई म्हणाल्या, “इधर तो रुई है, पिन है और गोली है.”

गोळ्यांनी माझी लघवी लाल झाली, हिरवा ठिपका आपोआप झिजला. बोटं दहाच्या दहा आहेत. त्यांनीच हे लिहितोय. डागाची जागा अजून बधिर आहे, एवढंच.

पण त्या दिवशी रिक्षात हे काही माहीत नव्हतं. गोळ्यांची पाकिटं खिशात टोचत होती आणि बमरोली जवळ येत होतं. सरांना मी विचारलं, “काकूंना तुम्ही सांगाल?”

“तू सांग,” सर घाईनं म्हणाले. “मला तिची भीती वाटते.”

काकू व्हरांड्यात बसून वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या हातच्या. सर कोपरानं दार ढकलून आत गेले आणि पडद्याआड उभे राहिले. त्यांचे पाय दिसत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डाग, रंग, वात, दवाखाना. रोगाचं नाव घेताना जीभ अडली, तरी घेतलं. काकू कुरडया रचत राहिल्या. एकही मोडली नाही. मग मीच म्हणालो, “या कुरडया टाकून द्यायच्या असतील तर मी दुसरा गहू आणून देतो. आणि खोली मी पहिल्या तारखेला सोडतो, काकू. तुम्हाला सांगायला लागू नये म्हणून मीच...”

काकूंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि वर पाहिलं.

“गोया येळेवर घे, अन् गप जेवाले बस. तुले हाकलाचंच असतं तं तुह्या मोज्यांच्या वासानं कवाच हाकललं असतं, कुष्ठरोगाची वाट काहून पायली असती?”